जानेवारीतलं कोकरू

बफेलोजवळ, वायोमिंग
११ फेब्रुवारी

प्रिय ग्रॅशियन काका,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे सगळं तुमच्या खानावळीच्या बाईला ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

आपला राखणीचा कुत्रा एलुर गेला. कोयोटांनी, त्या छोट्या लांडग्यांनी, फाडला त्याला. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी धुकं इतकं होतं की गोठ्यावरून कुंपण दिसत नव्हतं. सकाळी त्याची बहीण इझार एकटीच परत आली. अंगावर ओरखडा नाही, पण सरळ मेंढपाळाच्या गाडीखाली जाऊन बसली ती दोन दिवस बाहेर आली नाही, खाल्लं नाही. भाऊ गेल्यावर माणसंही असंच करतात. मी तिला काही म्हटलं नाही.

एलुरला शोधलं ते रॉइसने. रॉइस म्हणजे पलीकडचा गाईवाला, टेक्सासहून आलेला. तुम्ही त्याला एकदाच पाहिलंय, बाबांच्या दफनाला मोठी टोपी घालून आला होता तो. हद्दीवरच्या काळ्या खडकांपाशी पडला होता एलुर, कळपापासून खूप लांब. पोट खाल्लेलं, बरगड्या उघड्या. रॉइसने माझ्याबरोबर गोठलेली जमीन पहारीने फोडली. म्हणाला, "विणीच्या आधी टोळी करून कुत्र्यांना मारतात हे, माइते. एक तीनबोटी मादी फिरतेय, मी तिचे ठसे पाहिलेत." मीही पाहिले. बर्फात पुढच्या डाव्या पायाला तीनच बोटं.

बाबांचा नियम तुम्हाला माहीत आहे. राखणीचा कुत्रा मेंढ्यांचा, माणसाचा नाही. जन्मल्याबरोबर कोकरांत टाकायचा, घरात घ्यायचा नाही, लाड करायचे नाहीत. मी नियम पाळला. आठ वर्षं तो माझ्या दारावरून गेला आणि मी खिशातून हात काढला नाही. पुरताना पहिल्यांदा त्याच्या कानामागे हात लावला. किती मऊ होतं तिथे, काका. हे मला कुणाकडून तरी वसूल करायचं आहे.

रॉइसने जाताना त्याचं आवाजाचं यंत्र दिलं. "माझ्याकडे नवं आहे, हे ठेव," म्हणाला. एक डबा, एक रिमोट. पाचशेच्या वर आवाज आहेत त्यात: ससे, हरणाची पाडसं, उंदीर, सुतारपक्षी, कोयोटांच्या तऱ्हेतऱ्हेच्या आरोळ्या. मी सगळे ऐकत बसते. मला फक्त एक सांगा: तीनबोटीला कोणता आवाज आणेल? मला तिचं कातडं नको. मरताना तिने माझ्याकडे बघायला हवं, बस.

तुमची,
माइते

*

एल्को, नेवाडा
१९ फेब्रुवारी

माइते पोरी,

एलुरचं वाचून जेवण गेलं नाही. जेवण इथे तसंही ओरडण्यातच जातं. शेजारचा म्हातारा विचारतो, घेवडा कसा झालाय, आणि मी सांगतो, बुधवारी. सगळे हसतात. हसणं दिसतं मला, तेवढं पुरतं.

आता कामाचं. जनावरं बोलावून मारण्यात माझी उमर गेली. यंत्र नव्हतं तेव्हा हाताच्या पाठीचे मुके घेऊन उंदराची चिकचिक काढायचो. कान गेले, पण कुठे काय वाजवायचं ते कानात नसतं.

सशाची किंकाळी विसर. यंत्र विकत घेतलेला प्रत्येक जण पहिल्यांदा तीच दाबतो. शनिवार-रविवारच्या शिकारीच्या शर्यती सुरू झाल्यापासून तर तुमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक कोयोटाला ती पाठ असणार. नीट लक्षात ठेव: जनावर आवाजाला आलं, गोळी सुटली, आणि ते जगलं, तर तो आवाज त्याच्यापुरता मेला. पुन्हा ऐकला की पळणार. जन्मभर पळणार. म्हणून आवाज निवडण्याआधी विचार करायचा, माझ्याआधी इथे कुणी काय वाजवलंय?

सध्या त्यांचा जोड्या जमवायचा महिना. एकट्या मादीची आरोळी लाव, एकदाच, हळू. मग गप्प बस. वाट बघवत नाही म्हणून जो पुन्हा बटण दाबतो तो रिकामा घरी जातो. अर्ध्या तासाने उंदराची चिकचिक, कानाला जेमतेम लागेल इतकी. डबा तुझ्यापासून लांब, झुडपाशी. कोयोट सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याखाली, वारा वाहत जातो त्या बाजूला जातो, आधी वास घेतो. ती वाऱ्याखालची जागा तुझ्या नजरेसमोर मोकळी हवी.

कोकराचा आवाज मात्र लावू नकोस. मेंढ्यांच्या रानात तो कुणी लावत नाही. का ते तुला सांगायला नको.

एक विचारतो. एलुरच्या मानेवर, पायांवर दातांच्या खुणा होत्या का? टोळी कुत्र्याला मारते तेव्हा आधी मागचे पाय धरते. आणि राखणीचा कुत्रा कळप सोडून इतका लांब गेला कशाला?

तुझा,
ग्रॅशियन काका

*

६ मार्च

प्रिय काका,

दोन मारले! तुमची मादीची आरोळी लावली आणि गप्प बसले, बोटं बधिर होईपर्यंत. पहिला नर वळसा घालून बरोबर वाऱ्याखाली आला, तुम्ही काढून दिलेल्या वाटेने आल्यासारखा. दुसरा चार दिवसांनी. दोघांना रॉइसच्या बाजूच्या कुंपणावर टांगलं. शेजारची बर्निस आजी गाडी थांबवून म्हणाली, "माइते, बाई, तुझ्या बापाने कधी हे केलं नाही." मी म्हटलं, "माझ्या बापाचा कुत्रा कुणी खाल्ला नव्हता." आजी काच वर करून निघून गेली. मला बरं वाटलं. इतकं बरं मला हिवाळाभर वाटलं नव्हतं, आणि रात्री त्याचंच जरा भय वाटलं. पण जरासंच.

तीनबोटी आली नाही. ठसे रोज दिसतात.

म्हणून तुम्ही नको म्हणालात ते मी केलं. रागावू नका. रॉइसने स्वतः भरलेले काही आवाज यंत्रात शेवटी आहेत, त्यात रडणारं कोकरू आहे. वाटलं, जिने कोकरांच्या राखणदाराला मारलं तिला कोकरूच आणेल. इझारला बांधायला हवं होतं, विसरले. बटण दाबलं आणि मनात म्हटलं, झालं, आता ही डब्यावर धावून येणार आणि सगळा खेळ बिघडवणार.

ती आली नाही, काका. कोकरू रडायला लागल्याबरोबर तिने पोट जमिनीला टेकवलं, शेपूट पायांत घेतली आणि उलट्या दिशेने पळाली. मेंढ्या सोडून. गाडीखाली सापडली, थरथरत होती. कोकराच्या रडण्याला पळणारी राखणीची कुत्री! बाबांनी असल्या कुत्रीला त्याच दिवशी गोळी घातली असती. भाऊ मेल्यापासून भित्री झाली असावी. मेमध्ये मेंढ्या विणार आणि माझ्याकडे राखणदार नाही. नवं पिल्लू आणू का? कुठून? तीनबोटीने एकाच घासात माझे दोन्ही कुत्रे खाल्ले.

तुम्ही विचारलं होतं: नाही, मानेवर किंवा पायांवर खुणा नव्हत्या. पोट आणि कूस तेवढी खाल्लेली. आणि तो लांब का गेला, ते मला नाही माहीत.

माइते

*

१५ मार्च

माइते पोरी,

तुझं पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो. लिहू की नको, ठरत नव्हतं. पण मी गप्प बसलो तर तू एका चांगल्या कुत्रीला मारून टाकशील.

इझार भित्री नाही. तिला तो आवाज शिकवला गेलाय. आवाजाला गेली, गोळी सुटली, आणि ती जगली. मागच्या पत्रात कोयोटांबद्दल लिहिलं होतं ना, तेच तिचं झालंय.

तरी खात्री कर. मेपर्यंत थांब. खरं कोकरू रडलं की ती कुठे जाते बघ. खऱ्याला धावली आणि यंत्राला पळाली, तर जानेवारीत त्या धुक्यात तुझ्या हद्दीवर कुणीतरी यंत्रातलं कोकरू रडवलं होतं. राखणीचे कुत्रे कळप सोडून त्यासाठीच जातात. कोयोटांनी एलुरला खाल्लं असेल, पण तो आधीच पडलेला होता. मेलेलं कुणीही खातं.

तुझ्याकडचं यंत्र कुणाचं, ते मी लिहीत नाही. तू मूर्ख नाहीस.

गाईवाल्याला हे कळत नाही, पोरी. त्याच्यासाठी तो पाचशेतला एक आवाज. धुक्यात फिक्या रंगाचं काहीतरी सरळ आवाजावर धावून येतं, त्याला कोयोट वाटतो. ही चूक आहे, मोठी चूक. खोटं बोलणं हा पुढचा गुन्हा. पण माणूस आपणच मारलेल्या कुत्र्यासाठी पहार घेऊन गोठलेली जमीन फोडतो आणि आपलं यंत्र देऊन टाकतो, तेव्हा त्याच्या आत काहीतरी रडत असतं. त्याच्या दारात जा. बंदूक न घेता. एकटी जा आणि विचार.

काका

*

२० मे

प्रिय काका,

तुमचं पत्र आल्यावर मी रॉइसच्या फाटकापर्यंत गेले होते. बंदूक गाडीत होती. इंजिन चालू ठेवून बसले. आतून त्याची बायको डार्ला हात हलवत आली, हातात पाव होता, गरम, कापडात गुंडाळलेला. "तुझ्यासाठीच निघाले होते," म्हणाली. मी पाव घेतला आणि परत आले. वाटेत खिडकीतून फेकून दिला.

मग थांबले. तुम्ही म्हणालात तसं.

पाच मेला पहिली मेंढी व्याली. दुसऱ्या दिवशी एक कोकरू ओहोळात घसरलं आणि रडलं. इझार टेकडीवरून बाणासारखी आली. पाण्यात उतरली, त्याच्या आणि झुडपांच्या मधे उभी राहिली, आई येईपर्यंत हलली नाही. मी तिथेच चिखलात बसले. वाईट वाटलं म्हणून नाही, काका. हसू आवरेना म्हणून. माझी कुत्री शाबूत होती, आणि आता मला माणूसही सापडला होता.

दोन महिने मी कुणाच्या दोन लेकरांना कुंपणावर टांगून ठेवलं होतं! आणि तो रोज त्या कुंपणावरून जाताना टोपीला हात लावत होता. "आणखी एक मिळाला वाटतं? शाब्बास!" शाब्बास म्हणाला, काका. माझ्या कुत्र्याचं रक्त धुतलेल्या हातांनी.

दारात जाऊन विचारू? तो रडेल. डार्ला रडेल. मला खुर्ची देतील, कॉफी देतील, आणि मग मला क्षमा करावी लागेल, कारण कॉफी प्यायल्यावर दुसरं काय करता येतं? एलुरचं मरण त्यांच्या स्वयंपाकघरात मिटवून टाकायला मी तयार नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी रॉइसकडे वासरांना डाग द्यायचा दिवस आहे. सगळं खोरं येईल. मलाही बोलावलंय. मी घेवडा घेऊन जाणार आहे.

माइते

*

२७ मे

माइते,

जाऊ नकोस. गेलीस तर नुसता घेवडा घेऊन जा. इझारला घरी ठेव.

काका

*

८ जून

प्रिय काका,

तुमची चिठ्ठी वेळेत पोचली. खोटं बोलणार नाही.

सकाळी आठलाच वीसेक गाड्या लागल्या होत्या. दोर टाकणारे घोड्यांवर, पोरं वासरांच्या पायांशी, लोखंड जाळात लाल झालेलं. जळलेल्या केसांचा वास. बायका गाडीच्या फळ्यांवर जेवण मांडत होत्या. तुम्हाला माहीत आहे असे दिवस. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कुणी कुणाला मजुरी देत नाही, येणं हीच मजुरी. एकट्या माणसाला इतकी वासरं महिन्यात आवरत नाहीत.

मी घेवडा डार्लाच्या हातात दिला. मग डबा माझ्या गाडीच्या मागच्या फळीवर ठेवला आणि रॉइसला हाक मारली. "रॉइस, तुझं यंत्र परत आणलंय. मला लागलं नाही."

"अगं, ठेव की तुझ्याकडेच," तो म्हणाला. घामेजला होता, हसत होता.

"नको. यातला एक आवाज चालत नाही. ऐक बरं."

इझार माझ्या पायाशी होती. मी बटण दाबलं.

वासरांच्या हंबरण्यातही ते कोकरू स्पष्ट ऐकू आलं. यंत्र चांगलं आहे, तुम्ही म्हणाला असता. इझारने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली कोसळली. पोटावर सरपटत गाडीखाली गेली. मुतली, काका, सगळ्यांसमोर. मी आवाज बंद केला नाही. एकेक घोडा थांबला. तिथे निम्मे मेंढीवाले होते. त्यांना मला एक शब्द सांगावा लागला नाही. राखणीची कुत्री कोकराला कशाला भिते, हे त्यांनी आपापल्या डोक्यात जुळवलं आणि एकेक मान रॉइसकडे वळली.

बर्निस आजी हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली, "जानेवारीत कुणाच्या रानात कोकरू होतं रे, रॉइस?"

तो म्हणाला, "धुकं होतं. सरळ येत होता. सरळ आवाजावर."

"मग कुठे जाणार होता?" मी म्हटलं. "त्याला वाटलं, लेकरू आहे."

"मी सांगणार होतो, माइते. दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो होतो."

"माझ्याबरोबर खड्डा खणलास तेव्हा सांगता आलं असतं. तोंड मोकळंच होतं तुझं."

डार्ला त्याच्याकडे बघत होती. तिला माहीत नव्हतं. हे मी हिशोबात धरलं नव्हतं.

पहिला दोर बर्निस आजीच्या मुलाने गुंडाळला. मग दुसरा. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. घोडे गाड्यांत चढले. लोखंड जाळातच राहिलं, निम्मी वासरं डागाशिवाय, आया कुंपणापलीकडे ओरडताहेत, आणि फळ्यांवरच्या जेवणाला कुणी हात लावला नाही. मी सगळ्यांत शेवटी निघाले. मला बघायचं होतं. धुळीत तो एकटा उभा होता, हातात लाल लोखंड घेऊन, आणि ते हळूहळू काळं होत होतं.

चार महिन्यांनी त्या रात्री मी सलग झोपले.

माइते

*

१७ जून

माइते,

चाळीस वर्षं आवाज निवडत आलो, पण इतका अचूक निवडलेला आवाज पाहिला नाही. एका बटणाने सगळं खोरं आणलंस. शिकारी म्हणून टोपी काढतो.

पण काका म्हणून सांगतो: तू एकच गोष्ट बघितली नाहीस. वाऱ्याखाली कोण बसलंय ते. जानेवारीत इझारने फक्त आवाज ऐकला होता, धुक्यात हात दिसला नव्हता. या वेळी तिने हात पाहिलाय. रिमोट कुणाच्या हातात होता, माइते?

तिच्यावर नजर ठेव. यंत्राला आणि खऱ्याला ती वेगळं ओळखत होती, हीच तुझी सगळी पुंजी होती. आता ओळखते का ते बघ. आणि मला लिही, वाईट असलं तरी.

काका

*

३० जून

प्रिय काका,

वाईट आहे.

त्या शनिवारनंतर चार दिवसांनी ओहोळापाशी कोकरू रडलं. इझार उठली, दोन ढांगा टाकल्या आणि थांबली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिथे नसते तर ती गेली असती का? मला वाटतं, गेली असती. मी दिसले म्हणून ती गाडीखाली गेली. तीनबोटीने ते कोकरू नेलं. त्या आठवड्यात आणखी पाच नेली. मी रात्रंदिवस कळपात बसायला लागले, तर माझ्यामुळे इझार कळपाच्या जवळ येईना. म्हणून मी उठून लांब गेले, तर कळपात कोणीच उरलं नाही. असा हिशोब कुणी मांडला असेल का कधी?

मग रॉइस आला. मी बोलावलं नाही. पहाटे त्याच्या बाजूच्या कुंपणाशी घोड्यावरून उतरला, मांडीवर बंदूक घेऊन कळपाकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशीही. त्याची वासरं अजून डागाशिवाय फिरताहेत, कुणी फिरकलेलं नाही. डार्ला बहिणीकडे गेली आहे म्हणतात. ती कामं टाकून तो माझी कोकरं राखतो. मी त्याला ये म्हटलं नाही आणि जा म्हणणारही नाही. बस म्हणावं तिथे. उन्हात बस, थंडीत बस. एलुर आठ वर्षं बसला होता.

गेल्या सोमवारी त्याने तीनबोटीला मारलं. कुठलाही आवाज लावला नाही, नुसता बसून राहिला. तिला माझ्या फाटकाशी ठेवून गेला. मी वाकून पाहिलं. दूध भरलेले सड, झिजलेले दात, आणि तो पाय. सापळ्यातून स्वतःच चावून सोडवलेला असावा. हिने माझ्या कुत्र्याला मारलं नव्हतं. तिच्यासाठी मी हिवाळाभर जागले, आणि आता तिला टांगायला हात उचलेना. पुरली.

खरं लिहायचं ते अजून लिहिलंच नाही. टाळते आहे.

इझार आता कळपात असते. काम करते. पण तिची बसायची जागा कुंपणाशी आहे, रॉइसच्या बुटांपासून हातभर अंतरावर. मेंढ्यांपेक्षाही जवळ. तो तिला हात लावत नाही, तिच्याकडे बघतही नाही. तरी ती तिथेच बसते. त्याने तिचा भाऊ मारला हे तिला कुठून माहीत असणार? तेव्हा धुकं होतं. बटण दाबणारा हात तेवढा तिने लख्ख उजेडात पाहिलाय.

काका, मला अजूनही त्या माणसाची कीव येत नाही. मी प्रयत्न केला, तुमच्यासाठी. येत नाही. त्याच्याशी मी मरेपर्यंत बोलणार नाही. पण संध्याकाळ झाली की इझारला खायला द्यावंच लागतं आणि ती माझ्याकडे येत नाही. म्हणून मी भांडं घेऊन कुंपणाशी जाते. तो मान फिरवतो, मी मान फिरवते. भांडं जमिनीवर ठेवते आणि परत निघते. मागे वळून बघायचं नाही, असं ठरवलं होतं. काल बघितलं. मी टेकडी उतरून पार दिसेनाशी होत आले, तेव्हा ती खायला उठली.

तुमची,
माइते